अकरा नंबरचं जहाज

लुबर्ट माझा सख्खा मामा. त्याने उभ्या जन्मात एकोणीस दर्यायुद्धं तांब्यावर कोरली आणि होडीत पाय एकदाच ठेवला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये होडीत बसायचं नसेल तर माणसाला जोडे झिजवावे लागतात, आणि तो झिजवायचा. बेकरी कालव्याच्या समोरच्याच काठावर होती. हाक मारली तर पाववाला पाव फेकून देईल इतकी जवळ. मामा मात्र दोन पूल ओलांडून, वळसा घालून पाव आणायचा, आणि पुलाच्या अगदी मधोमधून चालायचा.

लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे. कारण ठाऊक असूनही हसायचे, हे आधीच सांगून टाकते. सहा वर्षांचा असताना तो गोठलेल्या कालव्यावर खेळत होता आणि बर्फ फुटून खाली गेला. शेजाऱ्यांचा एक कुत्रा होता, एक कान काळा, एक पांढरा. तो आधी जीव तोडून भुंकला आणि मग त्याच्यामागे पाण्यात उडी टाकून मोकळा झाला. त्या भुंकण्याने माणसं धावली. मामाला गळाने ओढून वर काढलं. कुत्रा वर आला नाही.

तेव्हापासून त्याला सगळ्याचीच भीती. पाण्याची, ढोलाची, गर्दीची, मालकांची. दारावर थाप पडली की त्याची कोरणी जागच्या जागी थांबायची. असा हा माणूस दिवसभर मान खाली घालून काय कोरायचा, तर फुटणारी जहाजं, मोडणाऱ्या डोलकाठ्या आणि बुडणारे खलाशी. आणि दर लढाईत, कुठेतरी तुटक्या फळ्यांमधून पोहणारा एक कुत्रा. एक कान काळा, एक कोरा ठेवलेला. मालकांना वाटायचं, ही त्याची सही असावी. मी कधी काही बोलले नाही.

आमचे मालक टीमन. छापखाना त्यांचा, दुकान त्यांचं, आवाज त्यांचा. मामा तांब्याचे पत्रे कोरायचा, दोघे गडी छापायचे आणि मी छापलेल्या चित्रांत रंग भरायचे. समुद्राला हिरवा, निशाणांना लाल. तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि जिभेला हाड नव्हतं.

त्या उन्हाळ्यात इंग्रजांशी मोठी लढाई झाली. रविवारी तोफांचा आवाज किनाऱ्यापर्यंत आला म्हणे. गुरुवारी आरमाराकडचं पत्र मालकांच्या हाती पडलं. पत्रात काय, तर अकरा जहाजांची आणि त्यांच्या कप्तानांची नावं, आणि देवाच्या कृपेने विजय. शनिवारी चित्र बाजारात हवं होतं, कारण पुढच्या शनिवारी लोकांना शिळ्या लढाईत रस राहत नाही. दोन दिवसांत नवा पत्रा कोणाचा बाप कोरणार?

मालकांनी फडताळातून तेरा वर्षांपूर्वीचा पत्रा काढला आणि मामासमोर ठेवला.

"लुबर्ट, हीच लढाई."

"मालक, ही तर मागच्या युद्धातली."

"इंग्रज तेच, आपण तेच, पाणीही तेच. तेव्हा त्यांना राजा नव्हता, आता आहे, तेवढी निशाणं बदल. अडेल तिथे धूर घाल."

धूर ही आमच्या धंद्यातली मोठी सोय. जे माहीत नाही त्यावर धूर सोडायचा. जुनी रेघ पुसणं मात्र कष्टाचं काम. आधी ती खरवडायची, मग घासून गुळगुळीत करायची. त्याने तांब्यात खळगा पडतो, म्हणून पत्रा पालथा घालून मागून हातोडीने ठोकायचं आणि खळगा वर उचलायचा. मामाने इंग्रजांच्या निशाणांमागे ठोकलं, दोन जहाजांच्या पाठीवरची नक्षी बदलून तिथेही ठोकलं. बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. चित्राच्या कोपऱ्यात, लढाईपासून लांब, एक पाठमोरं जहाज होतं, शिडं भरून चाललेलं. तेरा वर्षांपूर्वी कोपरा रिकामा दिसू नये म्हणून मामाने ते घातलं होतं. ते कोणाचंच नव्हतं.

शेवटचं काम आकड्यांचं. प्रत्येक जहाजावर एक आकडा, आणि खालच्या कोऱ्या कडेवर यादी, कुठलं जहाज कोणाचं. पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणून मी यादी वाचायचे आणि मामाने कोरलेलं आरशात तपासायचे. दहापर्यंत आलो. समोरची मोठी जहाजं संपली.

"अकरा," मी वाचलं. "निळा बगळा. कप्तान सिब्रांट."

"हिले, दहाच जहाजं आहेत गं. हा कुठे घालू?"

शुक्रवारची संध्याकाळ होती. मला भूक लागली होती आणि घरी वाटाण्याचं सार चुलीवर होतं.

"ते काय, कोपऱ्यात एक उरलंय की!"

"ते? ते तर पाठमोरं आहे. पळत असल्यासारखं दिसतं."

"घाल रे मामा. एवढं कोण बघतंय? भीतीने मरशील एक दिवस."

त्याने घातला. अकरा म्हणजे 11, दोन उभ्या रेघा. उलट्या कोरा की सुलट्या, अकराच. मला आरसासुद्धा उचलावा लागला नाही.

बघणारे होते. सगळं गाव बघत होतं. पाच-सहा दिवसांत आमचं चित्र प्रत्येक गुत्त्यात भिंतीवर लागलं आणि प्रत्येक गुत्त्यात कोणीतरी कोपऱ्यातल्या जहाजावर बोट ठेवलं. हा कोण पळपुटा? खाली वाचा. अकरा, सिब्रांट. लढाईत आमची शेकडो पोरं मेली होती. विजय झाला असं पत्रात होतं, पण घरोघरी रडणं होतं, आणि रडणाऱ्यांना राग काढायला माणूस हवा असतो. तो आम्ही आकडा घालून दिला.

मी दुकानाची चित्रं पोचवायला बंदराकडच्या गल्लीत गेले होते तेव्हा पाहिलं. सिब्रांटच्या दारासमोर शंभरेक माणसं जमली होती. दारावर सशाचं कातडं खिळ्याने ठोकलं होतं, अजून ओलं. खिडकीची एकही काच शाबूत नव्हती. "बाहेर ये, भागूबाईच्या बायको!" हेरिंग मासळी विकणारी एक बाई ओरडत होती. "तुझ्या नवऱ्याचा लेंगा वाळत घाल, ओला झाला असेल!" लोक खिदळले. एका माणसाच्या हातात आमचं चित्र होतं. निशाणं लाल रंगाने भरलेली. माझ्याच हातची.

चित्रांचं भेंडोळं छातीशी धरून मी पळत सुटले, ते थेट मामाच्या बाकापाशी थांबले. त्याला सांगितलं. त्याने कोरणी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. हात थरथरायला लागले की तो तसं करायचा.

सोमवारी सकाळी दारावर थाप पडली. आत आली ती सिब्रांटची बायको, आल्त्ये. कपाळावर काचेची जखम, डोक्यावरची टोपी वाकडी. तिने आमचं चित्र मालकांच्या टेबलावर पसरलं.

"हे कोणी पाहिलं?"

"बाई, आम्ही फक्त छापतो," मालक म्हणाले.

"त्यांच्या जहाजाची मोठी डोलकाठी दुपारीच मोडली होती. वाऱ्याने ते लांब गेलं. त्यांनी शिडं भरली म्हणता, अहो, शिडं लावायला काठी तर हवी! बुधवारी आरमाराच्या जहाजावर न्यायसभा बसणार आहे. दोन खलाशांनी साक्ष दिलीय की अगदी असंच पाहिलं. असंच, ह्या चित्रासारखं. भ्याडपणा ठरला तर त्यांना गोळी घालतील. म्हणून विचारते, हे कोणी पाहिलं?"

मामाचं डोकं इतकं खाली गेलं की कपाळ पत्र्याला टेकलं. मी ब्रश धूत राहिले. पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं.

ती गेल्यावर मालकांनी दाराला कडी घातली. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"ऐका दोघंही. जुना पत्रा नवा म्हणून विकला हे बाहेर फुटलं तर ती माणसं सिब्रांटच्या दारातून उठून इथे येतील. दुकान पेटवतील. लुबर्ट, तुला तर कालव्यात फेकतील. कळलं? कालव्यात. तोंड मिटून काम करायचं."

मालकांना मामाची नेमकी दुखरी जागा ठाऊक होती. मामाने मान हलवली.

त्या दिवशी आणि मंगळवारी मामा काही खात नव्हता. ताकातली लापशी समोर निवून जायची. मी त्याला समजावत होते. म्हणत होते, न्यायसभेतली माणसं शहाणी असतात, चित्रावरून कोणी कोणाला मारत नाही, आपल्याला कोण विचारतंय. खरं कारण वेगळंच होतं. मामा बोलला तर विचारणार, आकडा कोणी घालायला सांगितला? मला माझ्याच जिवाची भीती होती. दारावर ठोकलेलं ते कातडं मला डोळे मिटले की आमच्या दारावर दिसायचं.

बुधवारी पहाट उलटल्यावर मी कामावर आले तर मामा पत्रा माझ्या जुन्या एप्रनमध्ये गुंडाळत होता. मालक अजून आले नव्हते.

"हिले, फडताळातून जुन्या चार लढाया घे. छापलेल्या. आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"जहाजावर."

"मामा, ते बंदराबाहेर नांगरलंय. होडीने जावं लागेल."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याला तिथेच ओकारी आली.

आल्त्ये धक्क्यावर होती. आरोपीला साक्षीदार आणायची मुभा होती, पण तिच्याबरोबर यायला कोणी तयार झालं नव्हतं. आम्हाला पाहून तिने काही विचारलं नाही. फक्त नावाड्याला थांबवलं.

मामाला होडीत बसवायला आम्हाला तिघांना धरावं लागलं. तो तळाशी, फळ्यांवर, पत्रा पोटाशी धरून आडवा झाला. नावाडी म्हणाला, "काय गं, आजोबांना पुरायला नेताय का?" नेहमीची मी असते तर त्याला सडकून उत्तर दिलं असतं. होडी धक्क्यापासून सुटली तसा मामा देवाचं नाव घेऊ लागला, मोठ्याने, एकसारखं. बंदराच्या लाकडी खांबांची रांग मागे पडली आणि पाणी मोकळं झालं. तेव्हा त्याने एक डोळा किलकिला करून काठावरून पाहिलं.

"हिले," तो म्हणाला, "लाटा अशा नसतातच. मी तीस वर्षं चुकीच्या कोरल्या."

आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

जहाजाची बाजू म्हणजे भिंत. वरून दोराची शिडी सोडली होती. पत्रा आणि मामा, दोघांनाही दोर बांधून वर ओढून घेतलं. वरती खलाशी हसत होते. मागच्या मोठ्या खोलीत टेबलामागे सात अधिकारी बसले होते. सिब्रांट एका कडेला उभा होता, तलवार काढून घेतलेला; बुटका, टक्कल पडलेला माणूस. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या मनात तो उंच होता, आणि पाठमोरा.

मधला अधिकारी पांढऱ्या दाढीचा होता. "काय म्हणायचंय तुम्हाला?"

मामाचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. कोणीतरी खाकरलं. मला वाटलं संपलं, आता हाकलून देतील, आणि खरं सांगते, क्षणभर मला बरंही वाटलं. मग मामाने एप्रन सोडला, पत्रा टेबलावर पालथा ठेवला आणि त्या दाढीवाल्याचा हात धरला. सरळ हातच धरला! त्याची बोटं त्याने पत्र्याच्या पाठीवरून फिरवली.

"इथे ठोकलंय," तो कसाबसा म्हणाला. "इथे निशाणं बदलली. इथे नक्षी. हे नवं. आता इथे हात लावा." त्याने बोटं कोपऱ्यावर नेली. "सपाट आहे. ठोकलेलं नाही. म्हणजे हे जहाज जुनं. तेरा वर्षांपूर्वीचं. ते कोणाचंच नाही साहेब. कोपरा भरायला घातलेलं."

खोलीत चलबिचल झाली. एक अधिकारी म्हणाला, चित्राचं सोडा, दोन खलाशांची शपथेवरची साक्ष आहे. त्यांना बोलावलं. दोघे आले, बिचारे साधे गडी, स्वतःच्या शब्दांवर पक्के. कारकुनाने त्यांची साक्ष वाचली. 'निळा बगळा शिडं भरून पाठ दाखवून जाताना आम्ही पाहिला. आमच्या जवळ मोडक्या फळ्या तरंगत होत्या आणि त्यांमधून एक कुत्रा पोहत होता, एक कान काळा, एक पांढरा.'

मामा दचकला.

"तो कुत्रा माझा आहे."

"तुमचा? तुम्ही लढाईवर होतात?"

"नाही. म्हणजे... मी घालतो तो. दर लढाईत."

मी भेंडोळं उलगडलं. चार लढाया, चार वेगवेगळी वर्षं, आणि चारही ठिकाणी फळ्यांमध्ये तोच कुत्रा, तसेच कान. दारातले पहारेकरी हसायला लागले. मग एकेक करून गप्प झाले. त्या दोन खलाशांपैकी एक पांढराफटक पडून म्हणाला, "पण साहेब, मला तो आठवतोय. देवाशपथ आठवतोय." तो खोटं बोलत नव्हता. त्याने ते चित्र गुत्त्यात इतक्यांदा पाहिलं होतं की त्याची लढाई पुसून तिथे आमची बसली होती. त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरले.

दाढीवाल्याने चारही चित्रांतल्या कुत्र्यांवर एकेक करून बोट ठेवलं. मग त्याने साक्षीचा कागद उचलून कडेला ठेवला.

"एक सांगा," तो मामाला म्हणाला. "जहाज कोणाचंच नव्हतं, तर त्यावर ह्या माणसाचा आकडा कोणाच्या सांगण्यावरून घातलात?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याचे दोन्ही हात लटलट कापत होते आणि दाबायला मांड्या नव्हत्या, कारण तो उभा होता. जिभेला हाड नव्हतं ना माझ्या, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवशी ती हललीच नाही.

"मीच," मामा म्हणाला. "माझ्याच मनाने."

सिब्रांटला तलवार परत मिळाली. मामाला शिक्षा झाली. सूर्य मावळेपर्यंत डेकवर, डोलकाठीला पाठ लावून, गळ्यात ते चित्र अडकवून उभं राहायचं. दुसऱ्या कोणाला ती शिक्षा थट्टेची वाटली असती. वारा होता, जहाज डुलत होतं आणि कठड्यापलीकडे चहूकडे पाणीच पाणी होतं. मला थांबू दिलं नाही. होडी लांब जात असताना मी मागे पाहत राहिले. खलाशी येता-जाता त्याला टपल्या मारत होते, भुंकून दाखवत होते. त्याने डोळे घट्ट मिटले होते. मी तेव्हाही हाक मारून सांगू शकले असते. आवाज पोचण्याइतकं अंतर बराच वेळ होतं.

मामा दुसऱ्या दिवशी पत्र्यासकट घरी आला. त्या दिवसाबद्दल तो मला कधीच काही बोलला नाही, आणि सार वाढलं तर नेहमीसारखा बसून जेवला. आमच्या दारावर कोणी कातडं ठोकलं नाही. लोकांना पुढची लढाई मिळाली होती. सिब्रांटचं मात्र गावात कोणी तोंड पाहिना. चित्रं भिंतीवर होती तशीच होती. वर्षाच्या आत नवराबायको गाव सोडून गेली.

मालक आठवडाभर धुमसत होते. मग धंदाच तो, मागणी होती. पत्रा परत बाहेर काढला.

"सिब्रांटचं नाव खरवड. त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाचं तरी घाल. त्या दिवशीच्या मेलेल्या कप्तानांतलं एखादं चालेल, मेलेला तक्रार करायला येत नाही."

"नको," मामा म्हणाला.

मालकांना ऐकू आलं नसावं असं वाटलं, कारण हा शब्द त्यांनी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "अरे, अकरावा आकडा आहे तर खाली नाव लागेल की नाही? लोक विचारतील."

"लावतो," मामा म्हणाला, आणि कोरणी उचलली.

पुढच्या सगळ्या प्रती तशाच छापल्या गेल्या. मालकांनी वाचलं ते छापून झाल्यावर. शिव्या घातल्या, पण कागद वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हते. विकत घेणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही की हा कुठला कप्तान.

मामा जाऊन आता बावीस वर्षं झाली. पत्रा माझ्याकडे आहे. मालकांच्या मागे दुकान मोडलं तेव्हा मी भंगारातून उचलला. तो कोणाला दाखवत नाही, पण अधूनमधून पालथा घालून पाठीवरून बोटं फिरवते. निशाणांमागे ठोकलेलं लागतं, नक्षीमागे लागतं. खालच्या कडेला, यादीतल्या शेवटच्या ओळीमागे, सगळ्यात खोल ठोकलेलं आहे. मग पत्रा उलटते आणि आरशात वाचते. अकरा. लुबर्ट.

तिथे माझं नाव हवं होतं.